पंचवीस शब्दांत कल्हई

माहितीपट तयार करणं अवघड असतं, असा एक गैरसमज पसरलेला आहे. कॅमेरा उसना मिळतो, एडिटिंगला भाचा मिळतो, आणि ज्याच्यावर माहितीपट करायचा तो माणूस कामात इतका बुडालेला असतो की नाही म्हणायलाही त्याला सवड नसते. खरी परीक्षा त्यानंतर. महोत्सवाची प्रवेशिका उघडली की समोर एक पांढरा चौकोन येतो आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'चित्रपटाचा आशय जास्तीत जास्त २५ शब्दांत सांगा.' याला लॉगलाइन म्हणतात. माझा सिनेमा वर्षभरात पुरा झाला. लॉगलाइन अजून चालू आहे.

माझा माहितीपट कल्हईवर आहे. लांबी ३८ मिनिटं. आमच्या पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी चाचा बसतात. जमिनीतल्या खड्ड्यात कोळसा पेटवतात, भाता मारतात, पातेलं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर उठतो, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्यानं ते आतून फिरवतात. काळंकुट्ट पातेलं बघता बघता लखलखायला लागतं. ते पाण्यात बुडवलं की चर्रर्र आवाज येतो आणि गिऱ्हाईक पैसे देऊन निघून जातं. मी चौकोनात लिहिलं, 'एक माणूस भांड्यांना कल्हई लावतो.' पाच शब्द झाले. वीस शिल्लक.

"तुमच्या सिनेमात अडतीस मिनिटांत काही घडत नाही," बायको म्हणाली, "पंचवीस शब्दांत काय घडणार?"

भाचा मास कॉमला आहे. त्यानं माझं वाक्य वाचलं आणि एखाद्याच्या घरी सुतक असावं इतक्या हळू आवाजात विचारलं, "मामा, यात कॉन्फ्लिक्ट कुठाय?"

"चाचांचं कुणाशी भांडण नाही रे."

"असं कसं? कलावंताचं समाजाशी असतंच."

"एकदा पोस्टमनशी झालं होतं. पण तेव्हा कॅमेरा नव्हता."

भाच्यानं मान हलवली आणि मला परदेशातल्या महोत्सवांची सूचीपत्रं वाचायला दिली. ती वाचून एक गोष्ट ध्यानात आली. माहितीपटांच्या दुनियेत सगळे शेवटचे असतात. शेवटचा मेंढपाळ, शेवटची विणकरीण, शेवटचा होडीवाला. जो धंदा जोरात चालू आहे त्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. मी लगेच लिहिलं, 'शहरातल्या शेवटच्या कल्हईवाल्याची कहाणी.' अंगावर काटा आला. खातरजमा म्हणून चाचांना विचारायला गेलो.

"चाचा, या शहरात तुम्ही शेवटचेच ना?"

"अल्ला न करे!" चाचांचा भाता थांबला. "मी काय केलं साहेब?"

"तसं नाही. कल्हईवाल्यांत शेवटचे."

"शेवटचा कसा? पलीकडच्या पेठेत माझा चुलत भाऊ बसतो. मेव्हणा सासवडला. त्याच्या पोरानं तर भाता टाकून ब्लोअर लावलाय, दिवसाला माझ्यापेक्षा जास्त भांडी काढतो."

ही माहिती माझ्या कलाकृतीच्या दृष्टीनं घातक होती. "पण तुमच्यानंतर इथं कुणी बसणार नाही ना?" मी आशेनं विचारलं.

"पुतण्या येतोय पुढल्या महिन्यापासनं. हल्ली लोकं परत पितळ काढायला लागलीत ना, हॉटेलवाले पण येतात." चाचांचा चेहरा खुलला. माझा पडला. एका माणसाचा धंदा सावरतोय हे ऐकून दुःखी होणारा मनुष्य दोनच ठिकाणी सापडतो, सावकारीत आणि माहितीपटात. शेवटी 'शेवटच्या काही कल्हईवाल्यांपैकी एक' यावर मिटवलं. त्यात दोन शब्द फुकट गेले.

सावेदादांचं बरं होतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. आपल्याकडच्या माहितीपटाची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. कॉन्फ्लिक्ट कुठाय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कुस्तीत निदान तो होता तरी. रँग्लरांच्या स्वागतातून तो काढायला आमचा भाचाच हवा. दादासाहेब फाळक्यांनी तर १९१२च्या सुमारास वाटाण्याचं रोप कुंडीतून उगवताना थोडं थोडं करून टिपलं आणि ते दाखवून 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं केलं. आज तो वाटाणा महोत्सवाला पाठवायचा तर आधी वाटाण्याचं संमतिपत्र लागेल.

लॉगलाइननंतर दिग्दर्शकाचं निवेदन. म्हणजे हा चित्रपट तुम्ही का केलात? खरं उत्तर असं की आईच्या वेळच्या पितळी पातेल्यात ठेवलेलं ताक कळकलं, बायकोनं ते पातेलं माझ्या हातात देऊन मला घराबाहेर काढलं, आणि चाचांकडे रांग असल्यामुळे मी वेळ घालवायला मोबाइल काढला. हे मी लिहिलं. भाच्यानं ते पुसून 'धातू, स्मृती आणि विस्थापन यांच्यातला एक मूक संवाद' असं केलं. वाचून मी भारावलो. असा सिनेमा कुणी केला असेल तर मला तो जरूर बघायचा आहे.

निवेदनासोबत दिग्दर्शकाचा फोटो लागतो. माझा पासपोर्टचा होता, तो भाच्यानं नाकारला. दिग्दर्शकानं कॅमेऱ्याकडे बघायचं नसतं म्हणे. काळा टी-शर्ट घालायचा, दाढी दोन दिवसांची ठेवायची आणि डावीकडे वर कुठंतरी बघायचं. मी स्वयंपाकघराच्या दारात, उजेड चांगला म्हणून, तसा उभा राहिलो.

"तिकडे काय बघताय?" बायकोनं विचारलं.

"भविष्याकडे."

"गॅसकडे बघा. दूध ठेवलंय."

तोच फोटो गेला. दूध उतू जातानाची जी काळजी चेहऱ्यावर आली आहे ती विस्थापनाला फार शोभते.

आता पैशाचं. पूर्वी रिळं डब्यात घालून पाठवावी लागत, मग कॅसेट आल्या, मग चकत्या. २००० साली 'विदाउटअबॉक्स' नावाची सोय इंटरनेटवर निघाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. तोवर २०१४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघालेल्या 'फिल्मफ्रीवे'नं तो बाजार ताब्यात घेतलेला होता. तिथे जगभरातले हजारो महोत्सव मांडून ठेवलेले आहेत आणि प्रत्येकापुढे एक बटण आहे. दाबलं की महोत्सव तुमच्या टोपलीत. रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मी तीन खंडांतले महोत्सव टोपलीत भरत असे. बेरीज डॉलरमध्ये येते हे सकाळी कळत असे.

शुल्काची रीतही शिकण्याजोगी आहे. लवकर येणाऱ्याला कमी, वेळेवर येणाऱ्याला जास्त, उशिरा येणाऱ्याला त्याहून जास्त, आणि मुदत संपल्यावर येणाऱ्याला सगळ्यांत जास्त. म्हणजे मुदत कधी संपत नाही, फक्त महाग होते. चाचा आधी पातेलं हातात घेतात, तळ वाजवून बघतात, मग दर सांगतात. महोत्सव आधी दर सांगतो, मग पातेलं बघतो. बघतोच असंही नाही.

मी पुण्याचा असल्यामुळे घासाघीस न करता पैसे देणं हा मी पैशांचा अपमान समजतो. एका महोत्सवाला सवलतीसाठी पत्र लिहिलं, 'आम्ही तिसऱ्या जगातले, निधीविना काम करणारे स्वतंत्र निर्माते आहोत.' बायको मागून वाचत होती. "तिसऱ्या जगात कधी राहायला गेलो आपण? तिसऱ्या मजल्यावर राहतो ना?" सवलत मिळाली नाही. मात्र 'तुमचा आवाज आम्हाला मोलाचा वाटतो' असं उत्तर आलं आणि खाली पैसे भरायचा दुवा होता.

यापुढे प्रीमियरचा तिढा. मोठ्या महोत्सवांना शिळा सिनेमा चालत नाही. त्यांना वर्ल्ड प्रीमियर लागतो. तो नसेल तर इंटरनॅशनल. तोही गेला असेल तर निदान आपल्या खंडातला, आपल्या देशातला. मी हा सिनेमा आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात अथर्वशीर्षाच्या आवर्तनानंतर आणि चमचा-लिंबूच्या आधी दाखवला होता. हे सार्वजनिक प्रदर्शन झालं का? भाचा म्हणाला, "किती जण होते?"

"सुरुवातीला बरेच होते."

"शेवटी?"

"चाचा. आणि प्रोजेक्टरवाला."

"मग धरायचं नाही."

पण तेवढ्यानं भागलं नाही. सिनेमाचा दुवा मी आतेबहिणीला न्यू जर्सीला पाठवला होता, तिनं तो दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींना मोठ्या टीव्हीवर लावून दाखवला. उत्तर अमेरिकेतला प्रीमियर चिवड्यात गेला! मी तिला फोन करून विचारलं की कुणी तिकीट काढलं होतं का. ती म्हणाली, "तिकीट कसलं? दहाव्या मिनिटाला वहिनी म्हणाल्या, मॅच लावा." मी सुटकेचा निःश्वास टाकला. दहा मिनिटांत मोडलेला प्रीमियर नियमात बसत नाही.

तांत्रिक भागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण मलाही तो थोडक्यातच समजला आहे. आमचा सिनेमा सेकंदाला २५ चित्रं या वेगानं चालतो. थिएटरला बहुधा २४ लागतात. भाच्यानं तो तेवढा सावकाश केला तेव्हा ३८ मिनिटांची ३९ मिनिटं ३५ सेकंद झाली आणि चाचांचा आवाज भारदस्त झाला. ऑस्करच्या नियमानुसार लघुमाहितीपट श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांच्या आत असावा लागतो. म्हणजे ऑस्करची पात्रता आम्ही २५ सेकंदांनी राखली. ही बातमी मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि दोन तास अभिनंदन स्वीकारत बसलो. 'पात्रता' आणि 'नामांकन' यांतला फरक समजावून सांगण्याइतका मी उद्धट नाही. डीसीपी नावाची जी थिएटरसाठीची प्रत असते तिची हार्ड डिस्क घरच्या कॉम्प्युटरला लावली, तर त्यानं ती न ओळखता 'फॉरमॅट करू का?' असं अदबीनं विचारलं. इतक्या अदबीनं मला बऱ्याच दिवसांत कुणी काही विचारलं नव्हतं. बोट बटणावर जाणार तोच भाच्यानं किंकाळी फोडली.

संगीताचे हक्क हे आणखी एक प्रकरण. चाचांच्या मागे रेडिओ चालू असतो आणि एका लांबलचक दृश्यात त्यावर एक जुनं हिंदी गाणं वाजतं. हक्क ज्यांच्याकडे होते त्या कंपनीला फोन केला.

"कुठे वाजतंय?" तिकडून विचारणा झाली.

"चाचांच्या पाठीमागे."

"म्हणजे पार्श्वसंगीत."

"हो, अगदी पाठीशीच आहे."

त्यांनी जो आकडा सांगितला त्यात चाचांचं दुकान, बोळ आणि रेडिओ तिन्ही विकत आलं असतं. भाच्यानं गाणं काढून तिथे बासरी घातली. आता पडद्यावर चाचा ज्या ठेक्यात भाता मारतात तो कुठून आला हे कुणालाच कळत नाही. 'दृश्याला एक गूढ लय आहे' असं मी निवेदनात वाढवलं.

सिनेमा पाठवून झाला की वाट बघणं. चाचा अधूनमधून चौकशी करत.

"आता कुठं पाठवला?"

"ॲमस्टरडॅमला पाठवावा म्हणतोय. माहितीपटांचा फार मोठा महोत्सव आहे, १९८८ पासून भरतो."

"तिकडं पितळ वापरतात?"

वाट बघण्याचा काळ हल्ली फार क्रूर झाला आहे, कारण पासवर्ड लावून ठेवलेला सिनेमा किती जणांनी, कुठून आणि किती मिनिटं पाहिला याचा हिशोब घरबसल्या दिसतो. मी तो दात घासायच्या आधी बघू लागलो. शून्य. शून्य. मग एके दिवशी एक प्रेक्षक! मी बायकोला उठवलं. त्यानं तीन मिनिटं पाहिला होता. हे फार झोंबणारं होतं, कारण आमच्या सिनेमातली पहिली चार मिनिटं चाचा कोळसा पेटवतात. कोळसा पेटायला चार मिनिटं लागतात त्याला मी काय करू? पण भाच्याकडून कळलं की पहिल्या चाळणीला बसणाऱ्या मंडळींसमोर एकेका आठवड्यात सिनेमांचा डोंगर असतो आणि तीही माणसंच असतात. चाचांचा कोळसा पेटेपर्यंत परीक्षक विझलेला असतो. पुढच्या आठवड्यात आणखी एक प्रेक्षक दिसला, पुण्यातूनच, आणि त्यानं अडतीसच्या अडतीस मिनिटं पाहिला होता. दिवसभर मी हवेत होतो. संध्याकाळी आठवलं की दुवा नीट चालतो का हे मीच ऑफिसातून बघितलं होतं.

नकाराची पत्रं मात्र सुरेख असतात. त्यांत यंदा प्रवेशिकांचा विक्रम झालेला असतो. दरवर्षी होतो. निवड करताना समितीला अतोनात यातना झालेल्या असतात. निवड न होणं हा गुणवत्तेवरचा शेरा नव्हे असं त्यांत आवर्जून म्हटलेलं असतं, आणि पुढल्या वर्षी लवकर याल तर शुल्कात सूट असते. काही पत्रांत माझ्या सिनेमाच्या नावाच्या जागी दुसऱ्याच सिनेमाचं नाव होतं. त्या दिग्दर्शकाला माझ्या नावाचं पत्र गेलं असेल. कुठंतरी एक परका माणूस कल्हई नाकारली गेली म्हणून हळहळला असेल, याचं मला बरं वाटतं.

आणि मग एके पहाटे आलं, 'अभिनंदन!' एका महोत्सवात, नाव सांगत नाही, आमच्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा मान मिळाला होता. शिवाय सर्वोत्कृष्ट संपादन, सर्वोत्कृष्ट ध्वनी आणि सर्वोत्कृष्ट वेशभूषा. सिनेमाभर चाचा एका बनियनवर आहेत. हा महोत्सव दर महिन्याला भरतो असं पुढे वाचनात आलं. सोबत पोस्टरवर लावायला दोन बाजूंनी पानांच्या डहाळ्या असलेली ती सुप्रसिद्ध मोहोर होती. चार मोहरा लावल्यावर पोस्टरवर एवढी पानं झाली की आतला कल्हईवाला दिसेना. सोसायटीनं माझा सत्कार ठेवला, तिथे वनखात्याची जाहिरात आहे का, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"महोत्सव कुठं असतो?" हेही त्यांनीच विचारलं.

"ऑनलाइन."

"ते झालं. पण गाव कुठलं?"

मी शाल स्वीकारण्यात गर्क असल्याचं दाखवलं.

ट्रॉफी वेगळी मागवावी लागते. तिचे पैसे निराळे, कुरियरचे निराळे. ती मागवायची नाही असं आमच्या घरात एकमतानं ठरलं. ती आली तेव्हा बायको माहेरी गेलेली होती. कस्टमवाल्यांनी तिच्यावर कर लावला. माझ्या कामाचं काही मोल आहे असं अधिकृतपणे मानणारे ते पहिलेच. मी ती चाचांना दाखवायला नेली. एवढी वर्षं धातू हाताळलेल्या माणसानं ती हातात घेतली, नखानं खालचा भाग खरवडला आणि परत दिली. "पितळ नाय साहेब. प्लास्टिकला मुलामा दिलाय. याला कल्हई बसायची नाय."

सच्चे महोत्सव नाहीत असं कुणी समजू नये. मुंबईचा माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो, तिथे सुवर्णशंख देतात आणि जीवनगौरव व्ही. शांताराम यांच्या नावानं देतात. केरळचा तिरुवनंतपुरमला २००८ पासून आहे. जपानात यामागाताचा १९८९ पासून, तोही वर्षाआड, म्हणजे तारीख हुकली की चाचांचा पुतण्या तरबेज होईपर्यंत थांबायचं. आणि माहितीपटवाले मोठे भांडकुदळ असतात हेही खरं. २००४ साली मुंबईच्या महोत्सवानं फक्त भारतीय चित्रपटांकडे सेन्सॉरचं प्रमाणपत्र मागितलं, त्यावरून रण पेटलं, आणि त्यातून 'विकल्प' हा समांतर महोत्सव उभा राहिला. तिथं भांडण तत्त्वाचं होतं.

आमचं शुल्काचं आहे. तेव्हा नकार आलेली आम्ही काही मंडळी मिळून येत्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवत आहोत. आंतरराष्ट्रीय अशासाठी की आतेबहीण त्याच सुमारास येते आहे. लॉगलाइनची अट ठेवावी की नाही यावर बैठकीत बराच खल झाला. पण आम्ही जे भोगलं त्यापासून नव्या पिढीला वंचित ठेवणं बरं नव्हे, असं ठरलं. निवड समितीवर सोसायटीचे सेक्रेटरी, चाचा आणि माझी बायको आहेत. सेक्रेटरींना गाव कुठलं ते सांगावं लागेल, चाचा नख लावून बघतात, आणि बायकोला सिनेमात काहीतरी घडलेलं लागतं. माझा सिनेमा स्पर्धेत नाही, तो उद्घाटनाला आहे.

वाचकांपैकी कुणी माहितीपट केला असेल तर जरूर पाठवावा. आशय २५ शब्दांत, दिग्दर्शकाचा फोटो डावीकडे बघताना, वर्ल्ड प्रीमियर असल्यास प्राधान्य. कोळसा पेटवण्याचं दृश्य असेल तर शेवटाकडे ठेवावं. ३० सप्टेंबरच्या आत येणाऱ्यांना कमी दर, नंतर येणाऱ्यांना जास्त, मुदत संपल्यावर येणाऱ्यांचं विशेष स्वागत. शुल्क परत मिळणार नाही.